प्रकरण सहावे : विखुरलेल्यांची दिंडी

आपल्या पालघरजवळच्या केळवे-माहीमने महाराष्ट्राला असा एक माणूस दिला, ज्याचे नाव कॉलेजात आणि वारकऱ्यांच्या फडावर सारख्याच आदराने घेतले गेले. शंकर वामन ऊर्फ सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि विष्णुबुवा जोगांचे शिष्य म्हणून वारकऱ्यांचे ‘मामा’ही होते. पालघरचे महाविद्यालय आज त्यांच्या नावाने चालते. विद्यापीठांनी जगभर पांगलेल्या आपल्या विद्यार्थ्यांशी नाते कसे जोडावे आणि कसे टिकवावे, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्याची सुरुवात मामांच्या नावाने करतो आहे, कारण त्यांनी आयुष्यभर ज्या वारीची सेवा केली, तिने हा प्रश्न आपल्या विद्यापीठांना पडण्याच्या कितीतरी आधी सोडवून ठेवला आहे.

वारीला लाखो माणसे असतात, पण चालताना जो तो आपल्या दिंडीत चालतो. ज्ञानोबांच्या पालखीत रथापुढे २७ दिंड्या असतात, बाकीच्या रथामागे. आणि प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला असतो. दिंडीच्या मध्यभागी विणेकरी असतो. वर्षभर कोणी शेतात राबतो, कोणी दुकानात बसतो, कोणी मुंबईत नोकरी करतो. आषाढाच्या तोंडावर तो आपली भिशी भरतो आणि आपल्या क्रमांकापाशी येऊन उभा राहतो. त्याला लाखोंच्या गर्दीत शोधत बसावे लागत नाही. त्याची जागा त्याला ठाऊक असते आणि त्या जागेलाही तो ठाऊक असतो.

माजी विद्यार्थ्यांचे जे जाळे टिकते, ते असेच टिकते. विद्यापीठाला वाटते, आपले लाखो पदवीधर आहेत. पदवीधराला मात्र आपली बॅच आठवते, वसतिगृहाचा मजला आठवतो, प्रयोगशाळेतले टेबल आठवते. या लहान आठवणींना जे विद्यापीठ जागा ठेवते, त्याची माणसे सातासमुद्रापलीकडूनही परत येतात. हे वेगवेगळ्या काळात आणि ठिकाणी कसे घडले, ते पाहू.

विद्यापीठ कागदावर, कॉलेज मनात

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर त्याने पहिली कित्येक दशके फक्त परीक्षा घेतल्या आणि पदव्या दिल्या. शिकवण्याचे काम कॉलेजांकडे होते. या रचनेचा परिणाम आजही दिसतो. पालघर किंवा बोईसरच्या मुलीच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचे नाव असते, पण ‘माझे कॉलेज’ म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे पालघरचीच इमारत येते. फोर्टचा राजाबाई टॉवर तिने कदाचित पदवीपत्रासाठी खेप घालताना पाहिला असेल. म्हणून मोठ्या विद्यापीठाने माजी विद्यार्थ्यांना थेट साद घातली, तर ती बहुतेकांना सरकारी परिपत्रकासारखी वाटते. साद कॉलेजातून, विभागातून, बॅचमधून यावी लागते; विद्यापीठाने त्या सगळ्या दिंड्यांना एका रस्त्यावर आणायचे असते.

अमेरिकेतली जुनी कॉलेजे लहान होती, म्हणून त्यांना हे लवकर उमगले. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे अध्यक्ष १८२१ साली काही विद्यार्थ्यांना घेऊन बाहेर पडले आणि अ‍ॅमहर्स्टच्या नव्या कॉलेजात गेले. मागे राहिलेले कॉलेज बंद पडेल अशी वेळ आली. तेव्हा जुने विद्यार्थी जमले आणि त्यांनी संघ स्थापन केला. माजी विद्यार्थ्यांच्या आज हयात असलेल्या संघांत तो सर्वांत जुना मानला जातो. संस्थेला आपली गरज आहे, हे त्या माणसांना खरोखर कळले, तेव्हा ती एकत्र आली. पुढे येल विद्यापीठाने १८९० मध्ये माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक निधी सुरू केला. एका धनिकाच्या मोठ्या देणगीऐवजी अनेकांनी दरवर्षी थोडे थोडे द्यावे, ही त्यामागची कल्पना. आपल्या भाषेत सांगायचे तर ती भिशीच.

माटुंग्याचे घराणे

आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण बोईसरहून रेल्वेने गाठता येईल इतके जवळ आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. मुंबईच्या कापड गिरण्यांना रंगाई आणि प्रक्रियेतले जाणकार हवे होते. जुनी मंडळी आजही ज्याला ‘यूडीसीटी’ म्हणतात, तो हा विभाग. २००८ पासून अभिमत विद्यापीठ झालेली माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था. विभाग लहान, तुकड्या लहान. शिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखत आणि पदवीनंतरही विसरत नसत.

या ओळखीतून काय उभे राहते ते पाहा. विभागाचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर बी. डी. टिळक आले, तेही माटुंग्याचेच. १९८९ मध्ये रघुनाथ माशेलकर आले. ते माटुंग्याचे पदवीधर आणि तिथलेच पीएच.डी. एका विभागाची माणसे दुसऱ्या शहरातल्या संस्थेत पिढ्यान्पिढ्या पोचली. गाण्यात घराणे असते, तसे हे घराणे होते.

त्याचा परदेशाशी धागाही असाच माणसांमधून गेला. मनमोहन शर्मा माटुंग्याहून केंब्रिजला गेले, पीटर डँकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. केली आणि १९६४ मध्ये, अवघ्या सत्तावीस वर्षांचे असताना, प्राध्यापक म्हणून माटुंग्याला परतले. परतल्यावर केंब्रिजशी नाते तुटले नाही. वायू द्रवात शोषला जाण्याच्या क्रियेवरचा डँकवर्ट्स आणि शर्मा यांचा संयुक्त लेख १९६६ साली प्रसिद्ध झाला. शर्मांनी माटुंग्यात ज्यांना घडवले त्यांत माशेलकर होते. १९६९ मध्ये पीएच.डी. करून माशेलकर इंग्लंडमध्ये सॅलफर्डला गेले, तिथे शिकवू लागले, आणि १९७६ मध्ये परतले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक वाय. नायुदम्मा यांनी त्यांना स्वतः भेटून बोलावले होते. परदेशात स्थिरावलेल्या माणसाला जाहिरात परत आणत नाही. ओळखीच्या माणसाने नाव घेऊन दिलेली हाक आणते.

उद्योगातही हेच दिसते. डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजचे अंजी रेड्डी, घरडा केमिकल्सचे केकी घरडा, पिडिलाइटचे मधुकर पारेख, एशियन पेंट्सचे अश्विन दाणी, रिलायन्सचे मुकेश अंबानी, ही सगळी माटुंग्यात शिकलेली माणसे. दाणी पुढे ओहायोतल्या अ‍ॅक्रनला पॉलिमरचे शिक्षण घ्यायला गेले, पारेख विस्कॉन्सिनला. परदेशात मिळवलेले त्यांनी इथल्या कारखान्यांत आणले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग, औषधे आणि मध्यवर्ती रसायने बनवणारे जे कारखाने उभे आहेत, ते याच व्यवसायाच्या विस्ताराचे एक टोक आहेत. बोईसर स्टेशनवर सकाळी उतरणाऱ्या गर्दीत रसायनाचे पदवीधर असतात. ज्या विद्येवर त्यांचा चरितार्थ चालतो, तिचा माग काढत गेलो तर माटुंग्यातून थेट केंब्रिजपर्यंत पोचतो.

पवईचा हिशेब

पैशाचे सर्वांत मोठे आकडे पवईच्या आयआयटीत दिसतात. नंदन निलेकणी १९७३ साली तिथे दाखल झाले. त्याला ५० वर्षे झाली तेव्हा, जून २०२३ मध्ये, त्यांनी ३१५ कोटी रुपये दिले. त्याआधी त्यांनी ८५ कोटी दिलेले होते. बातम्यांत ३१५चा आकडा झळकला. मला मात्र आधीचे ८५ कोटी जास्त महत्त्वाचे वाटतात. मोठी देणगी अचानक येत नाही. ती अनेक वर्षांच्या लहानमोठ्या देण्याघेण्याच्या, सल्लामसलतीच्या आणि भेटीगाठींच्या शेवटी येते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १९९८च्या बॅचने आपल्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात ५७ कोटींची देणगी जाहीर केली. तिच्यात दोनशेहून अधिक जणांचा वाटा होता. त्याआधी १९७१च्या बॅचने ४१ कोटी देण्याचा विक्रम केला होता. इथे ‘बॅच’ हा शब्द नीट वाचावा. पदवीला २५ वर्षे झाली की प्रत्येक बॅच पवईला येते आणि जाताना संस्थेला काहीतरी देऊन जाते, हा तिथला ठरलेला रिवाज आहे. तारीख ठरलेली, गट ठरलेला, जागा ठरलेली. पुढच्या बॅचला मागच्या बॅचचा आकडा माहीत असतो. अमेरिकेतल्या माजी विद्यार्थ्यांनी तिथल्या कायद्याप्रमाणे स्वतंत्र निधी संस्था उभारली आहे, त्यामुळे तिथे देणाऱ्याला तिथल्या करात सवलत मिळते.

पालघर-बोईसरच्या कॉलेजने हे आकडे पाहून खचू नये. घेण्याजोगा आहे तो रिवाज, आणि तो फुकट घेता येतो. दरवर्षी एकाच रविवारी, २५ वर्षांपूर्वीच्या बॅचला कॉलेजने चहाला बोलावावे. पहिल्या वर्षी बारा जण येतील. तरीही तारीख बदलू नये.

हरवलेली नावे

आता रोजच्या कामाकडे वळू. जाळ्याचा पाया नोंदवही आहे आणि बहुतेक कॉलेजांत तीच कच्ची असते. राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेच्या, म्हणजे नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण आहेत. त्यामुळे कॉलेजांनी संघ नोंदवले, अर्ज छापले, समित्या नेमल्या. मात्र तपासणीच्या वर्षी गोळा केलेली यादी पुढच्या तपासणीपर्यंत कपाटात राहिली, तर तिच्यातले निम्मे फोन नंबर तोवर मृत झालेले असतात.

नोंद पदवीनंतर सुरू करून उपयोग नाही. शेवटच्या सत्रात, विद्यार्थी रोज भेटत असतो तेव्हाच, त्याचा स्वतःचा कायमचा ई-मेल, आईवडिलांच्या घरचा पत्ता आणि पासपोर्टवर असते तसे पूर्ण नाव घ्यावे. परदेशी गेलेली माणसे नंबर बदलतात, नोकऱ्या बदलतात, देश बदलतात. केळवे-माहीमचे घर मात्र सहसा तिथेच असते, आणि त्या घरातल्या आईला मुलाचा नवा नंबर ठाऊक असतो.

सर्वांत मोठी गळती मुलींच्या नावांत होते. पदवीपत्रावर माहेरचे आडनाव, नंतरच्या पासपोर्टवर सासरचे, काहींचे पहिले नावही बदललेले. कॉलेजच्या यादीत ती एका नावाने, जगात दुसऱ्या नावाने. शोधणारा थकतो आणि ती ‘संपर्क नाही’ या रकान्यात जाते. आपल्या भागातल्या कॉलेजांतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलींची संख्या मोठी आहे. त्यांची नावे हरवली, तर अर्धी दिंडी वाटेतच सुटली. उपाय अवघड नाही. नोंदवहीत माहेरचे नाव, आताचे नाव आणि मैत्रिणीचा संदर्भ असे तीन रकाने ठेवावेत. मुलींना मैत्रिणीच शोधून काढतात. ऑफिसातल्या कारकुनाला ते जमत नाही.

आणि ही माहिती म्हणजे दुसऱ्याची ठेव आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने केला. कायदा नसता तरी सभ्यतेने तेच सांगितले असते : माहिती कशासाठी हवी ते सांगून घ्यावी, विचारल्याशिवाय कोणाला देऊ नये, आणि कोणी ‘माझे नाव काढा’ म्हटले तर काढावे. एकदा कोणा कंपनीला नंबर गेले आणि जाहिरातींचे फोन सुरू झाले, की वर्षांनुवर्षे जमवलेला विश्वास एका दिवसात जातो.

रात्री साडेनऊची वेळ

परदेशातला गट कसा चालतो? समजा, बोईसरची एक मुलगी रसायनात एम.एस्सी. करून जर्मनीत शिकायला निघाली. घरातून परदेशी जाणारी ती पहिलीच. पहिल्या महिन्यात तिला लाखोंच्या शिष्यवृत्तीहून साध्या गोष्टींची चिंता जास्त असते. खोली कुठे मिळेल, बँकेत खाते कसे उघडायचे, थंडीचे कपडे इथून न्यायचे की तिथे घ्यायचे, डाळ कुठे मिळते? याच वेळी आपल्या कॉलेजच्या दहा वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याचा फोन आला, ‘मीही पालघरचा, अडचण आली तर सांग,’ तर ती मुलगी ते आयुष्यभर विसरत नाही. पुढे तीच दुसऱ्या कोणाला असा फोन करील. परदेशातले जाळे देणगीपासून सुरू होत नाही, स्वागतापासून सुरू होते. आधी संस्थेने द्यायचे असते.

परदेश म्हणजे फक्त अमेरिका, असा समजही सोडायला हवा. आपल्या भागातला डिप्लोमा झालेला तंत्रज्ञ आखातात रिफायनरीत काम करत असेल, तर त्याचा अनुभव बोईसरच्या मुलांना कदाचित जास्त उपयोगी पडेल. त्याला बैठकीला बोलवायचे, तर त्याचा आठवडा समजून घ्यावा लागेल : सौदी अरेबियात सुट्टी शुक्रवारी-शनिवारी असते, संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून शनिवारी-रविवारी. वेळेचे गणितही सोपे आहे. आपल्याकडे शनिवारी रात्रीचे साडेनऊ वाजतात, तेव्हा दुबईत आठ वाजलेले असतात; उन्हाळ्याच्या घड्याळाप्रमाणे लंडनला सायंकाळचे पाच, न्यूयॉर्कला दुपारचे बारा आणि कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ. एका तासात जवळजवळ सगळे जमतात. सिडनीत मात्र तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. तिथल्यांसाठी वर्षातून एकदा सकाळची बैठक ठेवावी. आपल्यासाठी कोणीतरी वेळ बदलली, एवढ्यानेच माणूस धरून राहतो.

प्रत्येक गटाला विणेकरी हवा. आजच्या भाषेत तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन असेल, पण नुसता शुभेच्छांची चित्रे पुढे ढकलणारा नको. कोणाच्या घरी दुःख झाले, कोणाची नोकरी गेली, कोण गावी येतो आहे, हे त्याला ठाऊक असावे. विद्यापीठाने हे विणेकरी हुडकावेत, त्यांना कॉलेजची खरी खबर नियमित कळवावी आणि वर्षातून एकदा सन्मानाने बोलवावे. दर दोन-तीन वर्षांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालावी, म्हणजे एकाच्या थकण्याने गट थांबत नाही.

काय मागावे

मागण्याची एक पायरी असते. आधी एक उत्तर मागावे : ‘ह्या विद्यापीठात अर्ज करावा का?’ मग एक तास मागावा : मुलांशी बोलायला. मग एखादे दार मागावे : प्रशिक्षणाची जागा, प्रयोगशाळेतली ओळख. पैसा या सगळ्यानंतर. पहिल्याच पत्रात इमारत निधीचे आवाहन केले, तर ते पत्र शेवटचे ठरते.

मागणे खऱ्या गरजेचे असावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मूल्यांकनात तारापूर देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत सर्वांत वर होते. सांडपाण्याचा प्रश्न इथल्या खाड्यांचा, मच्छीमारांचा आणि वाड्यांचा आहे. युरोपातल्या एखाद्या जलशुद्धीकरण केंद्रात काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्याने शनिवारी रात्री इथल्या विद्यार्थ्यांना त्याचे शास्त्र शिकवले, त्यांच्या प्रकल्पाला दिशा दिली, तर त्याचे मोल कोणत्याही धनादेशाहून मोठे आहे. विल्यम्सची माणसे संकटात धावली. आपल्या गावाचेही संकट आहे, आणि ते सांगायला संकोच वाटू नये.

पैसा आलाच, तर कायदा नीट पाळावा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी परकीय अंशदान धरली जात नाही. त्याच बाकावर बसलेल्या मित्राने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर त्याची देणगी परकीय ठरते, मग त्याच्याकडे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे (ओसीआय) कार्ड का असेना. अशी देणगी घेण्यासाठी कॉलेजच्या न्यासाला परकीय अंशदान नियमन कायद्याखाली (‘एफसीआरए’) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२०च्या दुरुस्तीपासून ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. कायद्याने स्थापन झालेल्या काही सार्वजनिक संस्थांना यातून सूट आहे. देणाऱ्याला हे आधी समजावून सांगावे, आणि खर्चाचा हिशेब न मागता पाठवावा. सूक्ष्मदर्शक घेतला असेल, तर त्यावर वाकलेल्या मुलीचे पत्र पाठवावे. फलकापेक्षा ते पत्र जास्त वर्षे जपले जाते.

वाजत राहिलेला टाळ

पालखी मुक्कामाला पोचली की समाज-आरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार त्या दिंडीकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो, आणि मगच ते टाळ थांबतात. त्याच वेळी दिवसभरात हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात.

माजी विद्यार्थ्यांतही असे टाळ वाजत असतात. कोणाला कॉलेजात जातीवरून टोचून बोलले गेलेले असते, कोणाला गुणपत्रिकेसाठी खेटे घालावे लागलेले असतात, कोणाला इंग्रजी येत नाही म्हणून मागच्या बाकावर बसवलेले असते. अशी माणसे मेळाव्याला येत नाहीत आणि संस्था त्यांना ‘उदासीन’ म्हणून सोडून देते. खरे तर त्यांच्यात नाते अजून जिवंत असते. ज्याला संस्थेचे काहीच वाटत नाही, त्याला रागही येत नाही. जे विद्यापीठ अशा माणसाकडे जाऊन ऐकते, चूक झाली असेल तर मान्य करते, त्याला बहुधा सर्वांत निष्ठावान माणूस मिळतो.

म्हणून कोणत्याही कॉलेजला मी एकच सुरुवात सुचवीन. नोंदवही उघडा आणि ‘संपर्क नाही’ या रकान्यातले पहिले नाव घ्या. ती मुलगी १९९५ साली बी.एस्सी. झाली असेल, आज दुसऱ्या आडनावाने दुसऱ्या देशात राहत असेल. माहीममधल्या तिच्या माहेरी जा, आईकडून नंबर घ्या आणि तिला फोन करा. काही मागू नका. एवढेच सांगा, की तुमच्या बॅचमध्ये तुमची जागा अजून मोकळी आहे.